कोलशेतला चाळीस मिनिटं

लडाखला जाऊन आलेल्या माणसाला आमच्या गटात आता कुणी विचारत नाही. मागे मी आठ दिवस तिकडे जाऊन आले, हजारांनी फोटो काढले, त्यातला एक निवडून निवडून रविवारी भिंतीवर लावला, आणि खाडिलकर सर म्हणाले, "छान. पुढचा." चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने 'छान' म्हणून पुढचा फोटो मागितला की समजायचं, आपला फोटो मेला. निळं तळं, पिवळे डोंगर, एवढा खर्च आणि एवढी डोकेदुखी, सगळं त्या एका शब्दात बुडालं.

आमचा गट म्हणजे हौशी फोटो काढणाऱ्यांचा गट. बँकेतले, दवाखान्यातले, एक करसल्लागार, दोन कॉलेजची मुलं. मी स्वतः एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आठवडाभर काचेच्या पट्ट्यांवर लोकांचं रक्त बघायचं आणि सुट्टीला कॅमेरा घेऊन बाहेर पळायचं, असं माझं आयुष्य आहे. महिन्यातून दोन रविवारी डोंबिवली पूर्वेला एका क्लासच्या वर्गात आम्ही जमतो, पांढऱ्या भिंतीवर प्रत्येकाचा एक फोटो प्रोजेक्टरने मोठा करून लावतो आणि त्याची चिरफाड करतो.

या चिरफाडीचे नियम सरांनी घालून दिलेत. फोटो कुणाचा हे सांगायचं नाही. पहिला शब्द पाहुण्याचा. म्हणजे दर वेळी पाळीपाळीने एकेकाने फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही असं माणूस आणायचं, आणि त्याने आधी बोलायचं. मग बाकीचे. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ज्याचा फोटो आहे त्याने तोंड उघडायचं नाही. उघडलं तर तो फोटो त्या वर्षापुरता बाद. हा शेवटचा नियम का आला ते सांगायला नकोच. लोक आपल्या फोटोची वकिली करायला लागायचे. तिथं किती थंडी होती, मी किती चढून गेलो, वगैरे. सरांचं म्हणणं, भिंतीवर थंडी दिसत नसेल तर ती तुमच्या तोंडून आम्हाला नको.

वर्षातून एकदा प्रदर्शन लागतं. बारा फोटो, या चिरफाडीतून सरांनी निवडलेले. पाच वर्षं मी फोटो देतेय आणि पाच वर्षं माझा एकही लागलेला नाही. मला त्या बारांत जायचं होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने हे असं उघड कबूल करणं बरं दिसत नाही, पण होतं तसं. प्रदर्शनाच्या दिवसांत मी कारणं काढून माहेरी जात असे.

या वर्षी सरांनी नवीनच अट घातली. निसर्गचित्रच हवं, पण सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या अंतरातलं. हिमालय बंद, कोकण बंद. मी गुरुवार ते शनिवार रजा टाकली, स्कूटरची टाकी भरली आणि निघाले. तुम्ही म्हणाल हा काय प्रवास. नवराही तेच म्हणाला. "कल्याणला जायला बॅग कशाला भरतेस?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी जिना उतरतसुद्धा होते.

गुरुवार: मोहने

शहाडचा पूल ओलांडून मी उल्हास नदीच्या काठाने मोहन्यात शिरले. मनात चित्र तयार होतं. जुन्या रेयॉन कारखान्याची लांबच लांब भिंत, अलीकडे नदी, नदीवर सकाळचं धुकं. प्रत्यक्षात नदी दिसेना. जलपर्णीने ती काठापासून काठापर्यंत अशी झाकली होती की एक बगळा त्यावरून रस्त्यावरून चालावं तसा चालला होता. धुकं होतं, पण ते कचरा जाळल्याचं निघालं.

माझ्या पायाला भिंगरी आहे, आणि जे मनासारखं दिसत नाही तिथं मी दोन मिनिटं उभी राहत नाही. तासाभरात चार जागा बदलल्या. पाचव्या जागी एका बैठ्या घराच्या ओट्यावरून एका गृहस्थांनी हाक मारली, "मॅडम, लग्नाचं शूटिंग आहे का?"

हे साळवे काका. सत्तरीचे, स्वेटर, कानटोपी, हातात पेपर. मी निसर्गाचे फोटो काढायला आलेय म्हटल्यावर त्यांनी आधी इकडेतिकडे पाहून निसर्ग कुठे आहे याची खात्री करून घेतली, मग म्हणाले, "आमच्या गच्चीवर या. वरून वळण दिसतं नदीचं."

गच्चीवरून खरोखर वळण दिसत होतं. पण वळणाच्या बरोबर आड साळवे काकूंचं धुणं वाळत होतं. चादरी, शर्ट, टॉवेल, पुढे नातवाचे शाळेचे गणवेश. मी कॅमेरा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. काकूंनी माझी तगमग पाहिली आणि म्हणाल्या, "काढू का कपडे?"

नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "चालेल का?"

त्या माऊलीने ओल्या चादरी एकेक करून उतरवल्या, पिळून पुन्हा बादलीत भरल्या. काकांनी दोरी सोडली. मी सहा फोटो काढले. सहाही वाईट. दोरीविना ती गच्ची ओकीबोकी दिसत होती आणि नदी म्हणजे एक हिरवं मैदान. चहा झाला, खारी झाली. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी कारखान्यातल्या कामगारांचा जुना गटफोटो होता. त्यात तिसऱ्या रांगेत आपण कुठे उभे आहोत ते काकांनी दाखवलं. मग माझे फोटो पाहायला मागितले.

आता हे सांगायला हवं. आमच्यात कॅमेऱ्यावर फोटो दाखवायचा नाही असा एक वेडगळ शिष्टाचार आहे. अंगठ्याएवढ्या पडद्यावर फोटो दाखवला की त्याची चव जाते, असं आम्ही एकमेकांना पटवून ठेवलंय. मी म्हटलं, "काका, मोठा करून पाठवीन." काका म्हणाले, "पाठवा. पण नदी हिरवी आहे तर हिरवीच काढा हो मॅडम. निळी करून पाठवू नका." मी ओटा उतरत असताना काकू वर गच्चीत पुन्हा दोरी बांधत होत्या.

शुक्रवार: डोंबिवली पश्चिम, रेतीबंदर

या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खाडीकाठी पहाटे पोचले तर तिथं आमच्याच गटातले तिघं कॅमेऱ्यांची तिकाटणी रोवून उभे. सगळ्यांना तोच सूर्य, तोच माणकोलीचा पूल आणि तीच होडी हवी होती. मी रागाने पुढच्या चिखलात गेले, माझ्या तिकाटण्याचा एक पाय वीतभर आत गेला आणि कॅमेरा हळूहळू वाकत बरोबर कुत्र्यांच्या घोळक्याकडे तोंड करून थांबला. कुत्र्यांचा फोटो बरा आला.

दुपारी घरी येऊन वरणभात खाल्ला आणि दोन दिवसांतला त्यातल्या त्यात बरा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. तिथं नियम लागू नाहीत, तिथं सगळे मोकळे सुटलेले असतात. कॉलेजवाल्या ओंकारने लिहिलं, "ताई, जरा चिल मारा ना. तुमचे सगळे फोटो पळत पळत काढल्यासारखे वाटतात." त्यावर तिघांनी हसरे चेहरे टाकले. संध्याकाळी सरांचा संदेश आला. ते पूर्णविराम देऊन लिहितात. "प्रकाश यायच्या आधीच आपण तिथून निघालेल्या दिसता. आपल्याला सारं दिसतं. पण आपण थांबत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थांबत नाही म्हणजे काय? पण पाच वर्षांतले माझे सगळे फोटो मी त्या संध्याकाळी पुन्हा उघडून बघितले, आणि खरं होतं ते. प्रत्येक फोटोत काहीतरी होण्याच्या बेतात होतं, आणि मी निघून गेले होते. मी ठरवलं, उद्या थांबायचं. काही झालं तरी हलायचं नाही.

शनिवार: कोलशेत

माणकोलीचा पूल झाल्यापासून डोंबिवलीहून ठाणं फारच जवळ आलंय. अंधारात निघाले, बाळकुमवरून कोलशेतला वळले तेव्हा नुकतं फटफटत होतं. एका बाजूला वीस-वीस मजल्यांचे टॉवर, दिवे लागलेले, आणि त्यांच्या पायथ्याशी कोळीवाडा. वाड्यातून बोळाने खाली गेलं की खाडीचा धक्का. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. समोर खारफुटी, पलीकडे डोंगर. हवेत सुक्या मासळीचा वास होता. आमच्या सोसायटीत सुकट भाजली तर खालच्या मजल्यावरून तक्रार येते. इथं तो वास म्हणजे सकाळ झाल्याची खूण.

पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. एक म्हातारा कोळी होडीत उभा राहून मागचं इंजिन चालू करत होता. दोन झटक्यांत ते चालू झालं. निळसर धुराची एक रेघ पाण्यावरून खारफुटीकडे गेली आणि तिथंच लोंबकळत राहिली. होडी, माणूस, धुराची रेघ, मागे काळा डोंगर. सगळं जागच्या जागी होतं. फक्त सूर्य नव्हता. पूर्वेला धुरक्याचा जाड पट्टा होता आणि त्याच्या वरच्या कडेला सोनेरी किनार धरली होती. पाच मिनिटांत वर येणार हे स्पष्ट दिसत होतं.

"काका," मी ओरडले, "पाच मिनिटं थांबाल का? एक फोटो काढते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. "काढ की बाय," म्हणाले.

"इंजिन बंद नका करू. धूर छान दिसतोय."

ते हसले. हातात लांब बांबू घेऊन होडीच्या टोकाला उभे राहिले. मी तिकाटणं पायरीवर घट्ट बसवलं आणि थांबले.

सूर्य काही येईना. तो पट्टा सूर्याबरोबरच वर सरकत होता. मी मनातल्या मनात सरांचं वाक्य घोकत होते. एरवी मी तीनदा जागा बदलली असती. त्या दिवशी मी दगड झाले. मध्ये काका एकदा म्हणाले, "बाय, पानी उतरतंय."

"हो काका, झालंच. दोनच मिनिटं."

आणखी काही वेळाने त्यांनी पुन्हा पाण्याकडे पाहिलं, पण बोलले नाहीत. मला ते तसे खाली बघताना फार आवडले. म्हटलं, "असेच राहा. हलू नका."

मग तो आला. पट्ट्याच्या वर एकदम. उजेड पाण्यावरून सरकत आला, धुराच्या रेघेत शिरला, काकांच्या खांद्याला आणि गालाला लागला. मी अकरा फोटो काढले. तिसरा काढतानाच मला कळलं होतं. असं मला आयुष्यात फार वेळा कळलेलं नाही. घड्याळ पाहिलं तर चाळीस मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं मी एका जागी उभी होते! मला सरांना तिथूनच फोन करावासा वाटला.

काकांनी इंजिन बंद केलं. पाणी पायऱ्या सोडून खाली गेलं होतं आणि होडीचा तळ गाळाला टेकला होता. त्यांनी बांबू गाळात रोवून एकदोनदा जोर लावला. होडी हलली नाही. "असू दे," ते म्हणाले, आणि उतरून गुडघाभर चिखलातून पायऱ्यांकडे आले. मी त्यांचे आभार मानले. नाव विचारलं. मोरेश्वर.

तेवढ्यात डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक बाई धक्क्यावर आली. ठसठशीत कुंकू, कासोट्याचं लुगडं, आवाज खणखणीत. होडी पाहून ती जागच्या जागी थांबली. "गेला नाय तू?"

मोरेश्वर काका म्हणाले, "इंजन चालू झाला नाय."

मी तिथंच होते. तीन पावलांवर. मी ते ऐकलं, आणि मला वाटलं, अरे, हे काय बोलतायत? आणि मी काही बोलले नाही. नवराबायकोच्या बोलण्यात परक्याने कशाला पडा, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या म्हणजे हिराबाई, त्यांची बायको. त्यांनी तिथल्या तिथं इंजिन दुरुस्त करणाऱ्या कुणा वसंताला फोन लावून त्याची जी खरडपट्टी काढली ती अख्ख्या धक्क्याने ऐकली. "चार दिस नाय झाले तुला इंजन दिऊन, न् आज बंद? ह्याला काम बोलतात?" काका चिखलाचे पाय धूत होते. फोन ठेवून हिराबाई माझ्याकडे वळल्या, आणि आवाज एकदम मऊ. "तू कवाधरनं उभी हायेस गो? काय खाल्लंस का नाय? चल घरा."

मी गेले. पोटात कावळे ओरडत होते. दोन खोल्यांचं घर, मागच्या भिंतीपलीकडे टॉवरचं वाहनतळ. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, वर कच्चा कांदा. माझ्या आईच्या हातची भाकरी मी विसरले, खोटं कशाला सांगू. तीन खाल्ल्या. खाता खाता त्यांनी विचारलं, "दाखव बगू म्हाताऱ्याचा फोटू."

मी सवयीने म्हटलं, "एवढ्याशा पडद्यावर नको मावशी. उद्या डोंबिवलीला भिंतीवर लावणार आहे, एवढा मोठा. आवडला तर पुढे प्रदर्शनात मोठ्या भिंतीवर लागेल, लोक बघायला येतात तिथं."

"डोंबिवलीला? उद्या भाचीची हलद हाय ना माझ्या डोंबिवलीला. संध्याकालची."

पाहुणा आणायची पाळी या वेळी माझीच होती. नणंदेला विचारून ठेवलं होतं, पण ती नाखूश होती. मी लगेच म्हटलं, दुपारी या, फोटो बघा, मी तुम्हाला हळदीला स्कूटरवर सोडते. त्या खुलल्या.

मग चौथी भाकरी वाढता वाढता त्यांनी सहज सांगितलं, जसं आपण पाहुण्याला घरातलं काहीबाही सांगतो. खाडीच्या मधोमध खुंट ठोकलेले असतात, त्यांना जाळं बांधलेलं असतं. पाणी काठाला असेपर्यंत होडी काढायची, जाळ्याशी जाऊन थांबायचं, आणि पाणी फिरायच्या आत ते उचलायचं. पाणी फिरलं की जाळ्याचं तोंड उलटतं, आत आलेलं सगळं निघून जातं, आणि उधाणाच्या दिवसांत जोर असला तर जाळं खुंटाला गुंडाळून फाटतं. "आज उधानाचा दिस," त्या म्हणाल्या. "महिन्यातलं चारपाच दिस तर मिलतं आता कायतरी. न् आजच इंजन बंद."

काका दारात बसून विडी ओढत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

चौथी भाकरी माझ्या पानात होती. मी ती संपवली. सांगायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं, उगाच नंतर कळलं असं म्हणण्यात अर्थ नाही. पण त्या घरात, त्यांच्या पाटावर बसून, त्या माणसाने माझ्यासाठी झाकलेली गोष्ट मी कशी उघडी करू, असं वाटलं. आणि त्याहून खरं कारण म्हणजे मला लाज वाटली.

घरी आले ती तडक संगणकापाशी. तिसरा फोटो उघडला. पडदाभर तो उजेड, ती धुराची रेघ, आणि खाली बघणारे काका. जाळ्याचा विचार मनातून गेला नाही, पण कोपऱ्यात जाऊन बसला. त्या रात्री माझा डोळा लागला नाही. नवरा म्हणाला, "काय वळवळ चाललीय?" मी म्हटलं, उद्या आहे ना.

रविवार: डोंबिवली पूर्व

हिराबाई जरीचं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून, गळाभर सोनं घालून आल्या. वर्गातल्या बाकावर बसल्या, फळ्यावर कुणाचं तरी त्रैराशिक अर्धवट पुसलेलं होतं त्याकडे पाहत. सरांनी त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं आणि नियम समजावला. "आपण पाहुण्या आहात. जे वाटेल ते बोला. आम्हाला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका." त्या म्हणाल्या, "ते मना जमतच नाय." सगळे हसले.

माझा फोटो तिसरा लागला. दिवे बंद होते. वर्गात कुणीतरी 'अरे' म्हणालं, आणि मग शांतता. पाच वर्षांत माझ्या फोटोला अशी शांतता मिळाली नव्हती. मी मागच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसले होते.

"ह्यो तर आमचा म्हातारा!" हिराबाई टाळी वाजवून म्हणाल्या. "बगा तरी कसा उभा हाये, राजा जसा." कौतुकाने त्या उठल्या आणि भिंतीजवळ गेल्या. त्यांची सावली खारफुटीवर पडली. नाक लावून बघावं इतक्या जवळ जाऊन त्या काही वेळ बघत राहिल्या आणि मग मागे सरल्या.

"धूर हाये," त्या म्हणाल्या.

"हो, तो फार सुरेख आलाय," सर अंधारातून म्हणाले.

"धूर हाये म्हंजे इंजन चालू हाये."

कुणाला काही कळलं नाही. त्या काय बोलल्या ते त्या खोलीत फक्त मला कळलं. त्या जाऊन खुर्चीत बसल्या. पाहुण्याचं झालं असं समजून बाकीचे सुरू झाले. करसल्लागार म्हणाले, उजवीकडची मोकळी जागा बरोबर सोडलीय. ओंकार म्हणाला, "भाई, कसला लाइट आहे, कडक! ज्याने काढलाय तो जाम थांबलाय." त्याचा शब्द न् शब्द मला हवा होता, आणि त्या क्षणी त्यातला एकही नको झाला होता. हिराबाई भिंतीकडेच बघत होत्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, अबोलीच्या वेणीकडे. आणखी दोघं बोलले. आठ वर्षांपासून येणाऱ्या एका बाईंनी तर 'यंदाचा हाच' असं उघड म्हटलं.

मग शेवटी सर बोलले. सर कधी खुर्चीतून उठत नाहीत, त्या दिवशी उठले. "या चित्रातलं सर्वांत मोलाचं काय असेल, तर या माणसाची नजर. एवढा सूर्य उगवलाय, आणि हा वर पाहत नाही. तो अंतर्मुख झालाय. पाण्यात पाहतोय. एक प्रकारची समाधी आहे ही."

"पानी किती उतरलं ते बगतंय तो," हिराबाई म्हणाल्या. वळल्या नाहीत. "त्याला जायचंय."

"मग गेला का नाय?" त्यांनी विचारलं. विचारलं सगळ्यांना, किंवा कुणालाच नाही. "धूर हाये, पानी हाये. मंग का उभा रायला? कालधरनं फाटलेला जाला शिवतंय बसून. घरात मना सांगतंय, इंजन."

सरांचं बोलणं पुरं झालं नव्हतं. त्यांचा हात अजून भिंतीकडे होता. आणखी दोन मिनिटं मी दात आवळून बसले असते तर ते निकाल देऊन मोकळे झाले असते, आणि तो काय असता ते सगळ्यांना माहीत होतं.

"मी थांबवलं," मी म्हटलं. उभी राहिले. "मावशी, मी त्यांना पाच मिनिटं म्हणून थांबवलं. पाणी उतरतंय म्हणून ते बोलले, पुन्हा पाण्याकडे बघितलं. मी म्हटलं, हलू नका. इंजिन चालू होतं. वसंताची काही चूक नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिथंच होते, आणि मी बोलले नाही."

कुणीतरी दिवा लावला. फोटो भिंतीवर फिका पडला. सर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याहून वाईट, हळहळ होती. "आपण बोललात," ते म्हणाले. "माझं संपलं नव्हतं."

"हो सर. बाद करा."

मला त्या क्षणी खूप हलकं वाटलं. डोळे भरून आले आणि मला वाटलं, जे करायला हवं होतं ते मी केलं. उशिरा का होईना.

हिराबाईंनी माझ्याकडे वळून नीट पाहिलं. मी काय काय ऐकायची तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "तीस वरसं झाली लग्नाला. माझ्यासाठी एक खोटं बोलला नाय तो. कालवनात मीठ जास्ती झालं तरी तोंडावर सांगतो. न् तुझ्यासाठी बोलला." मग पिशवीतून फोन काढला आणि आधी वसंताला लावला. "वसंता, मी बोलतंय. काल तुला शिव्या दिल्या ना, त्या परत घेतल्या. काय नाय, दुसऱ्याच्या होत्या." ठेवला. मग दुसरा लावला, पलीकडच्याला सगळं भराभर सांगितलं, आणि फोन माझ्या हातात दिला. "घे. सांग तूच."

सगळा वर्ग बघत होता. मी फोन कानाला लावला. "काका, मी स्मिता. कालची, फोटोवाली. माझं चुकलं. तुमचं जाळं माझ्यामुळे..."

"असू दे गो," मोरेश्वर काका म्हणाले. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "फोटू चांगला आयला का?"

"हो."

"ते तू बोललीस ना, मोठी भिंत, लोकं येतात बगायला. तिथं लावनार?"

"नाही काका," मी म्हटलं, आणि मला वाटलं हे ऐकून त्यांना बरं वाटेल. "मी सगळ्यांसमोर कबूल केलं. आमच्या नियमाने फोटो बाद झाला. आता नाही लागणार तो."

मग त्या शांत माणसाचा आवाज चढला. तो तसा चढू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

"नाय लावनार? म्हंजे माझा जाला पन गेला, न् फोटू पन गेला? मंग मी उभा कशाला रायलो?"

मी फोन धरून तशीच उभी राहिले. हिराबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सरांनी दिवा बंद केला आणि पुढचा फोटो लावला.